चार चौकटी आणि एक मुतारी

आमच्या तालुक्याच्या गावाचा अखेर स्वॉट झाला. शहरातल्या व्यवस्थापन महाविद्यालयातून सहा मुलं-मुली आली, ‘आठवडी बाजाराच्या माध्यमातून स्थानिक अर्थविकास’ या विषयावर लाइव्ह प्रोजेक्ट करून गेली आणि गेल्या आठवड्यात नगरपरिषदेच्या सभागृहात त्याचं सादरीकरणही झालं. सामंजस्य करार, शाल-श्रीफळ, फोटो, सगळं यथासांग. प्रोजेक्टर आधी चालेना; चालला तेव्हा पडद्यावर गाव उलटं दिसलं. ते सरळ करायला शिपाई खुर्चीवर चढला. या प्रकल्पात नगरपरिषदेने केलेलं प्रत्यक्ष काम एवढंच.

अहवाल 86 पानांचा आहे. गुळगुळीत कागद, रंगीत आलेख. बाजारपावती फाडणारा ठेकेदाराचा माणूस त्यात ‘रेव्हेन्यू टचपॉइंट’ झालाय. पावती दहाची आणि घेतो वीस, ही गोष्ट मात्र कुठल्याच आलेखात बसलेली नाही.

ते असो. आम्ही अडकलो 31व्या पानावर. तिथे स्वॉटच्या त्या सुप्रसिद्ध चार चौकटी आहेत: बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. आणि चारही चौकटींत एकच गोष्ट आहे. मुतारी. म्हणजे नसलेली मुतारी.

उणिवांत लिहिलंय, ‘बाजारतळावर महिला विक्रेत्यांसाठी स्वच्छतागृह उपलब्ध नाही.’ खरं आहे. संधींत लिहिलंय, ‘स्वच्छतागृहाच्या उभारणीत खासगी भागीदारीस वाव, बाह्य भिंतींवरून जाहिरात-उत्पन्न शक्य.’ धोक्यांत लिहिलंय, ‘स्वच्छतागृह उभारल्यास देखभालीअभावी दुर्गंधी पसरून ग्राहकसंख्या घटण्याची शक्यता.’ आणि बलस्थानांत, हे नीट वाचा, ‘महिला विक्रेत्या सकाळपासून सायंकाळपर्यंत जागा सोडत नाहीत; ग्राहकसेवेत उल्लेखनीय अखंडता.’

सभागृहात यावर सविस्तर चर्चा झाली. एका ज्येष्ठ सदस्यांनी रास्त मुद्दा मांडला: मुतारी नाही म्हणून बाया उठत नाहीत, आणि उठत नाहीत हे जर आपलं बलस्थान, तर मुतारी बांधून आपण स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेत नाही का? दुसरे म्हणाले, धोक्याबाबत आरोग्य विभागाचा अभिप्राय मागवावा. तिसऱ्यांना संधी आवडली, पण मुतारीआधी भिंतीचीच निविदा काढा असं त्यांचं म्हणणं पडलं, कारण दिवाळीच्या शुभेच्छांना ती भिंत उपयोगी पडेल. मग त्या भिंतीवर कोणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स किती दिवस राहील, फ्लेक्सवर फोटोंचा क्रम काय, विरोधकांना मागची बाजू द्यायची की रस्त्याकडची, उद्घाटनाच्या कोनशिलेसाठी किती जागा सोडायची आणि कोनशिलेवर नाव असलेल्या माणसाचा फ्लेक्स त्याच भिंतीवर लागला तर तो दोनदा मोजायचा का, यावर पाऊण तास गेला. या पाऊण तासात ‘बाई’ हा शब्द फक्त एकदा उच्चारला गेला, तोही चहा घेऊन आलेल्या मावशींना उद्देशून. शेवटी ठरलं ते असं की अहवालातल्या वेळापत्रकाप्रमाणे जावं. वेळापत्रकात अल्पकालीन टप्प्यात सेल्फी पॉइंट आहे: ‘आय लव्ह’, मग तांबडं हृदय, मग गावाचं नाव, रात्री दिवे. मध्यम टप्प्यात बाजाराचं मोबाइल अ‍ॅप आहे. मुतारी दीर्घकालीन टप्प्यात आहे, म्हणजे पाच ते सात वर्षांनी. माणसाच्या मूत्राशयाला असले टप्पे पाळता येत नाहीत, एवढी एक नोंद 86 पानांत राहून गेली.

मुळात ही मुतारी अहवालात शिरली कशी, तेही सांगतो. पाहणीच्या दिवशी चमूतल्या दोन मुलींना दुपारी गरज पडली. बाजारतळावर सोय नाही म्हटल्यावर त्यांना नगरपरिषदेत आणलं आणि साहेबांच्या दालनाला लागून असलेलं, एरवी कुलूपबंद स्वच्छतागृह उघडून दिलं. किल्ली शिपायाच्या खिशात असते. बाजारात परतल्यावर त्यातल्या एकीने मेथीवालीला विचारलं, “मावशी, तुम्ही कुठं जाता हो?” इतका सरळ प्रश्न या गावात कुठल्याही विभागप्रमुखाने आजवर विचारलेला नव्हता. पोरीने वहीत काय टिपून घेतलं देव जाणे. गुळगुळीत कागदावर येईपर्यंत त्याचं झालं, ‘स्टेकहोल्डर्सची हायड्रेशन-वर्तणूक मर्यादित आढळली.’

हायड्रेशन-वर्तणूक! अहो, ती बाई पाणी पीत नाही. पहाटे चारला उठून जुड्या बांधते, टेम्पोत उभ्याने येते, सातला गोणपाट पसरते आणि दिवस मावळेपर्यंत उठत नाही. तिच्याजवळ झाकणाला भोकं पाडलेली पाण्याची बाटली असते. ऊन चढलं की थोड्या थोड्या वेळाने ती त्यातलं पाणी मेथीवर शिंपडते, कारण मेथी माना टाकू लागली की गिऱ्हाईक फिरकत नाही. स्वतः मात्र बाटली तोंडाला लावत नाही. प्यायली तर जाणार कुठे? नाल्याकडेला पूर्वी बाभळी होत्या, तिथे आता सुशोभीकरण झालंय. पाणी तोडायचं, लघवी दाबून धरायची, मग जळजळ, मग ताप, मग दवाखाना, आणि बाजाराची कमाई औषधवाल्याच्या गल्ल्यात. तुम्ही ज्याला स्थानिक अर्थविकास म्हणता, त्याचा हिशेब इथे बसून मांडा. तिचं दुखणं ही उणीव, दवाखान्याला संधी, आणि ती तरीही पुढच्या बाजाराला येते हे बलस्थान. झाल्या ना चौकटी?

आणि हे कळायला पदव्युत्तर अभ्यासक्रम कशाला हवा? 1965च्या नगरपरिषद कायद्यात सार्वजनिक मुताऱ्या बांधणं आणि राखणं हे नगरपरिषदेच्या बंधनकारक कर्तव्यांत घातलेलं आहे. मर्जीचा मामला नाही. 74वी घटनादुरुस्ती 1993 साली अमलात आली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत 18 विषय आहेत. तिसरा आर्थिक आणि सामाजिक विकासाच्या नियोजनाचा. पथदिवे, वाहनतळ, बसथांबे आणि स्वच्छतागृहं सतराव्यात. आमची नगरपरिषद तीन नंबरला बसली ती तीस वर्षं उठलेली नाही. सतरा यायचाय अजून. 2014च्या पथविक्रेता कायद्याने तर नगर पथविक्रेता समितीच नेमायला सांगितली आहे. तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडून आलेले, त्यातही एक तृतीयांश बाया. विक्रेत्यांचं सर्वेक्षण पाच वर्षांतून एकदा तरी करायचं, तेही या समितीनेच. म्हणजे मेथीवालीला स्टेकहोल्डर म्हणून शोधून काढायची गरजच नव्हती. कायद्याने तिला आधीच खुर्ची दिलेली आहे. ती खुर्ची सादरीकरणाच्या दिवशी सत्काराला वापरली.

मुलांना आम्ही दोष देत नाही. ती बिचारी उन्हात हिंडली, रात्र रात्र जागून स्लाइड केल्या. त्यांचे गुण स्लाइडवर असतात, मुतारीवर नसतात. आमचा राग दुसरीकडे आहे. नगररचनाकाराची जागा रिकामी, अभियंता प्रभारी, बाजार विभागाचा कारकून निवृत्त झाला त्याच्या टेबलावर आता पाण्याचा कूलर. माणसं भरायची नाहीत आणि त्यांचं काम सेमिस्टरवर ढकलायचं. सेमिस्टर संपलं की मुलं गेली, अहवाल कपाटात गेला. पुढच्या वर्षी नवी तुकडी, नवा करार, नवं श्रीफळ, त्याच चौकटी. यात कॉलेजला मूल्यांकनात गुण मिळतात, मुलांना प्रमाणपत्र, साहेबांना ‘नावीन्यपूर्ण उपक्रम’ म्हणून वर कळवायला एक ओळ. फुकटचा सल्ला म्हणून त्याला कोणी जबाबदार नाही: देणारा नाही, घेणारा तर नाहीच.

साहेब, मुतारी बांधायला अहवाल लागत नाही. गवंडी लागतो, प्लंबर लागतो, पाण्याची टाकी लागते आणि मुतारी रोज दोनदा धुणारा पगारी माणूस लागतो. यातलं काहीही पाच ते सात वर्षं थांबण्यासारखं नाही. आणि थांबायचंच असेल, तर तोवर एक अल्पकालीन उपाय आम्ही सुचवतो, तोही फुकट: तुमच्या दालनाशेजारची किल्ली बाजाराच्या दिवशी मेथीवालीकडे राहू द्या.