लष्करचं आरमार

ग्वाल्हेरात मरीन प्लाय हवा तेवढा मिळतो. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण इथल्या लष्कर भागातल्या कुठल्याही प्लायवाल्याकडे जाऊन "सातसौ दस है क्या?" एवढं विचारा, तो मागे न बघता "कितनी शीट?" म्हणेल. 710 हा भारतीय मानकाचा आकडा. 72 तास उकळलं तरी ज्याचे पदर सुटत नाहीत, असा हा जहाजी जातीचा प्लाय. आमच्याकडे त्याच्या नशिबी ओट्याखालची ट्रॉली. वरचा सिंक गळू लागला, तर तेवढाच काय तो त्याचा जलप्रवास.

मी दोन शीट मागितल्या. "किचन?" दुकानदारानं विचारलं. "नाव बनानी है," मी म्हणालो. "शोकेसवाली?" त्यानं बिल फाडता फाडता विचारलं. पाण्यात घालायची, असं सांगितल्यावर त्यानं मला पहिल्यांदा नीट बघून घेतलं आणि उधारीचा विषय निघण्याआधीच रोख मागितले.

दोनच शीट का, तर 1947 साली फ्लोरिडात क्लार्क मिल्स नावाच्या गृहस्थांनी आठ बाय चारच्या दोन शीटमध्ये बसेल अशी शिडाची छोटी होडी आखली. तिचं नाव ऑप्टिमिस्ट. लांबी 2.36 मीटर, रुंदी सव्वा मीटरच्या आत. जगभरची मुलं आज तिच्यावरच शिडं शिकतात. स्पर्धेत तिची वयोमर्यादा 15 वर्षं आहे. हे मी घरात बोललेलो नाही.

घरात बोलण्यासारखं वातावरणही नव्हतं. "अहो, ही दारातून बाहेर कशी निघणार?" हा सौ.चा पहिला प्रश्न. पुढे तोच प्रश्न दूधवाला, मीटर वाचणारा आणि दोन व्याही यांनीही विचारला. कुशीवर वळवली की निघते, वजन जेमतेम 35 किलो, हे उत्तर ऐकून सगळ्यांचा हिरमोड व्हायचा. आत्याचं म्हणणं वेगळं. "छंदच हवा होता तर ख्याल शिकायचास. ग्वाल्हेरात राहून सुतारकाम?" ज्या गावात दगडसुद्धा तालात गडगडतो म्हणतात, तिथे माझी हातोडी सम चुकवत होती, हे तिचं खरं दुःख.

पद्धत मी इंग्लंडातल्या 1963 च्या 'मिरर' होडीची उचलली. हिला सांगाडा लागत नाही. फळ्या आकारात कापायच्या, कडेला भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेनं चक्क शिवायच्या. तार मोटार वाइंडिंगवाल्याकडून आणली. एकेक टाका पकडीनं पिळत गेलं की इतका वेळ जमिनीवर आडवा पडलेला प्लाय कुरकुरत उठतो, पोट काढतो, आणि डोळ्यांदेखत होडी होते. त्या दिवशी दाराची बिजागरी बदलायला आलेला मिस्त्री तिथेच बसून राहिला. मग त्यानं खिशातून गुण्या काढला आणि एकेका सांध्याला लावून बघितला. पुढे लावला, मागे लावला, आत वाकून लावला. शेवटी अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "साहब, इसमें एक भी कोना नब्बे का नहीं है." बिजागरीचे पैसे त्यानं कमीच घेतले.

सांध्यांत भरायचं ते इपॉक्सी. राळ आणि हार्डनर एकत्र केले की ते आपोआप तापतं. त्यात लाकडाची बारीक पूड घालून श्रीखंडाइतकं घट्ट करायचं, वरून काचेच्या कापडाची पट्टी बसवायची. पुस्तकं हे सौम्य हवामान धरून सांगतात. ग्वाल्हेरचा पारा मे महिन्यात 45 च्या पुढे. कपात ढवळेपर्यंत धूर निघतो आणि चमचा कपासकट कायमचा स्मारक होतो. जानेवारीच्या धुक्यात उलट: दिवस जातात, बोट लावलं की चिकटतंच. म्हणून इथे होडी बांधायची ती फाल्गुनात किंवा दिवाळीच्या सुमाराला. आणि मिश्रण कपात न ठेवता पसरट ताटलीत ओतावं, उष्णता साठत नाही. ताटली घरातली नसावी.

"पण आपला नि पाण्याचा संबंध काय?" असं विचारणाऱ्यांसाठी माझ्याकडे इतिहास तयार असतो. 1900 साली चीनच्या मोहिमेसाठी महाराज माधवराव शिंद्यांनी इस्पितळ-जहाज दिलं, त्याचं नावच 'ग्वाल्हेर'. पुढे पहिल्या महायुद्धात 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे अख्खं प्रवासी जहाज विकत घेऊन त्याचंही इस्पितळ केलं आणि नाव ठेवलं 'लॉयल्टी'. तेच जहाज वालचंद हिराचंद मंडळींनी घेतलं आणि 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला सोडलं. राष्ट्रीय सागरी दिन आजही 5 एप्रिललाच असतो. कंपनीचं नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन! शिवपुरीच्या सख्यासागराकाठी तर महाराजांचा सेलिंग क्लबच होता. तिथे मात्र मी होडी नेणार नाही, त्या तळ्यात मगरी आहेत.

होडी छोटा हाथीत घालून तिघऱ्याला नेली. सांक नदीवरच्या या धरणाला विश्वेश्वरय्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले होते, हे मी ड्रायव्हरला सांगत होतो आणि तो आरशातून होडीकडे बघत होता. ती तरली. मी बसल्यावर मागून जरा दबली, पण तो माझ्या वयाचा दोष, तिचा नव्हे. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालवणात किंवा वेंगुर्ल्यात हीच होडी पाण्यात घातली असती, तर शेंबड्या पोरानंही दहा खोडी काढल्या असत्या. हौशी कारागिराला ग्वाल्हेरसारखं गाव नाही: इथे कुणाला त्यातलं काही कळत नाही.

सध्या वल्ह्यांवर भागतंय. शीड राहिलंय, साधारण 35 चौरस फुटांचं. आमचा मंडपवाला शिवून द्यायला तयार आहे, पण झालर लावल्याशिवाय तो कापडाला हात लावत नाही. बिनझालरीचं शिवणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर कृपया कळवा.