इयत्ता आठवीकडून सप्रेम भेट

आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत अकरा घड्याळे आहेत. अकराही वेगवेगळी वेळ दाखवतात आणि अकराही बंद आहेत. ऑफिसात कायम सव्वादोन, सहावीच्या वर्गात दहाला पाच कमी, पोषण आहाराच्या खोलीत ठणठणीत बारा. प्रत्येकाच्या तबकडीखाली लाल ऑइलपेंटने लिहिले आहे, ‘इयत्ता आठवीकडून शाळेस सप्रेम भेट’, आणि खाली साल. शाळेचा सगळा इतिहास भिंतीवर वाचून काढता येतो. मग किती वाजले हे खिशातल्या मोबाइलवर बघावे लागते, एवढेच.

एप्रिल लागला की आठवीचा वर्ग पुढच्या घड्याळाची वर्गणी काढतो. आम्ही शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, म्हणजे इतिवृत्तावर सही पाहिजे असेल तेव्हा घरी हमखास सापडणारे गृहस्थ. त्यामुळे हे शेवटचे आठवडे आम्ही जवळून पाहतो.

या दिवसांत शिकवणे संपलेले असते आणि लिहिणे सुरू होते. लिहितात ते गुरुजी. २०१० साली आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि प्रत्येक मुलाचे नुसते गुण न मांडता त्याचे वर्णन करायचे ठरले. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक, असे तीन रकाने. कल्पना सुंदर. मास्तराने पोराकडे वर्षभर नीट बघावे आणि जे दिसले ते लिहावे. आता तेवीस पोरांकडे वर्षभर बघायचे तर बाकीची कामे कोणी बघायची? मतदारयादी आहे, खिचडीचा तांदूळ आहे, रोजची ऑनलाइन माहिती आहे. म्हणून नोंदींची तयार पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि गुरुजी तिच्यातून क्रमाने वाक्ये उतरवतात.

परवा गेलो तेव्हा, तीन वर्षांत एकदाही तोंड न उघडलेल्या एका पोराच्या ‘विशेष प्रगती’त गुरुजी लिहीत होते, ‘स्वतःहून प्रश्न विचारतो’. मागच्या बाकावरच्या एका पोरीच्या ‘सुधारणा आवश्यक’मध्ये आधीच लिहून झाले होते, ‘वर्गात सतत प्रश्न विचारते’. मी दोन्हींवर बोट ठेवले. गुरुजी म्हणाले, “भाऊ, त्याचं पीडीएफमधलं आहे. तिचं मी स्वतः लिहिलंय.”

वर्णनानंतर नावाची पाळी. पोरगे आठ वर्षे ज्या नावाला ‘हजर’ म्हणाले ते जनरल रजिस्टरात एक, आधार कार्डावर दुसरे आणि ऑनलाइन पोर्टलवर तिसरेच निघते. तिन्ही जुळल्याशिवाय संगणक पोराला पुढे जाऊ देत नाही. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला की त्यावरचे अक्षर बदलणे म्हणजे नदीचे पात्र बदलणे. म्हणून शेवटच्या पंधरवड्यात आई-बाप मजुरी बुडवून शाळेच्या पायरीवर बसतात आणि आपल्या पोराचे नाव काय आहे ते सरकारला समजावून सांगतात. आमच्या लहानपणी असली भानगड नव्हती. बापाने पोरगे आणून उभे केले की मास्तर त्याचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का ते बघत आणि जन्मतारीख १ जून टाकत. त्यामुळे आमच्या पिढीतले निम्मे गाव आजही एकाच दिवशी म्हातारे होते.

मग परीक्षा. आठवीपर्यंत कोणाला नापास करायचे नाही असा कायदा होता, तोवर सगळे सुखात होते. २०१९ मध्ये केंद्राने कायद्यात दुरुस्ती केली, २०२३ मध्ये राज्याने नियम बदलले. आता पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा. त्यात नापास झाला तर दोन महिन्यांत फेरपरीक्षा. तीही गेली तर पोरगे त्याच वर्गात. लोकांना वाटले, आता दर्जा येणार. हेडमास्तरांनी मात्र हिशेब बरोबर मांडला. “एक पोरगं नापास करायचं म्हणजे सुट्टीत त्याला जादा शिकवायचं, पुन्हा पेपर काढायचा, पुन्हा तपासायचा, पुन्हा निकाल भरायचा. त्यापेक्षा ते हुशार आहे हे सिद्ध करणं सोपं.” वेळापत्रकही त्यांच्या मदतीला धावले. २०२५ साली परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या आणि निकाल १ मे रोजी लावायचा होता. एवढ्या दिवसांत एवढ्या मुलांची हुशारी तपासून होत नाही. ती मान्यच करावी लागते.

निरोप समारंभाचा दिवस वेगळाच. पटांगणात मांडव, वर केंद्रप्रमुख, सरपंच, सरपंचांचे पती (कारभार तेच बघतात) आणि आम्ही. पोरींनी आयांच्या साड्या नेसलेल्या, पोरांनी केसांना पाणी लावलेले. ‘आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग’ हे भाषण गेली अकरा वर्षे तेच आहे, रडण्याच्या जागाही त्याच. गुरुजींनी कागदावर तिथे पेन्सिलने फुली केलेली असते. मुलांना समोसा आणि वेफर्स, पाहुण्यांना शाल आणि नारळ. नारळ देणे याचा मराठीत दुसरा अर्थ काय होतो, हे पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. ज्यांना तो खरा मिळालेला असतो ती पोरे समोर समोसे खात बसलेली असतात.

म्हणजे असे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. (तारखेवर आम्ही काही बोलणार नाही.) सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचे शिक्षण, आणि त्याची हद्द आठवीपर्यंत. तेव्हा व्यासपीठावरून ‘तुमच्या पंखांत बळ आले आहे’ असे जे सांगतात, त्याचा सरकारी अनुवाद ‘आमची जबाबदारी संपली आहे’ असा होतो. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाकडे मागणी केली होती की, प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा. १२८ वर्षांनी कायदा आला आणि बाराचे चौदा झाले. दोन वर्षे वाढायला १२८ वर्षे, म्हणजे चौसष्ट वर्षांना एक. या वेगाने दहावीपर्यंतचा हक्क २१३८ साली मिळेल. तोपर्यंत विद्यार्थ्यांनी धीर धरावा आणि शिस्तीत बसावे.

माध्यमिक शाळा आमच्या गावापासून सात किलोमीटरवर आहे. मुलींसाठी मानव विकासची निळी बस आहे, ती आली तर येते. मुलांसाठी रस्ता आहे, तो पावसाळा सोडून असतो. पण दाखल्यावर यातले काही दिसत नाही. तिथे ‘वर्तणूक’पुढे चांगली, ‘प्रगती’पुढे समाधानकारक आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात तेवीसच्या तेवीस वेळा ‘पुढील शिक्षणासाठी’. त्यातली चार पोरे दिवाळीनंतर आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेली होती ती मार्चमध्ये परतली. पुढच्या दिवाळीला ती परत जातील आणि या वेळी हजेरीपटावर त्यांची वाट बघणारे कोणी नसेल. मी हेडमास्तरांना विचारले, यांचे खरे कारण लिहिता येणार नाही का? ते म्हणाले, “भाऊ, रकाना लहान आहे.”

आता भेटवस्तू. सूत्रसंचालकाने पुकारा केला, केंद्रप्रमुख घड्याळ स्वीकारायला उठले, फोटोवाला पुढे आला. मागच्या बाकावरची ती पोरगी, वर्गात सतत प्रश्न विचारणारी, एक छोटी प्लास्टिकची पिशवी घेऊन वर आली. पिशवीत अकरा सेल होते.

“घड्याळ कुठंय?” हेडमास्तरांनी दबक्या आवाजात विचारले.

“घड्याळं आहेत की भरपूर, गुरुजी. चालत नाहीत एवढंच.”

व्यासपीठावर शांतता पसरली. माइक चालूच राहिला होता. सरपंचपती हसू लागले आणि केंद्रप्रमुखांचा चेहरा बघून थांबले. हेडमास्तरांची अडचण मात्र खरी होती. “अगं, पण सेलवर वर्गाचं नाव कुठं लिहायचं?”

समारंभ उरकल्यावर पोरांनी बाकांवर चढून अकराही घड्याळांत सेल घातले. शाळेत पहिल्यांदा सगळीकडे एकच वेळ झाली. दोन दिवस गुरुजींना त्याचा फार त्रास झाला, कारण कोण किती वाजता येतो ते आता भिंतीवर दिसत होते. तिसऱ्या दिवशी ऑफिसातल्या घड्याळाचा सेल रिमोटला लागतो म्हणून काढून घेतला. तिथे पुन्हा सव्वादोन वाजलेले नाहीत, नऊला वीस कमी आहेत. ही या वर्षीची विशेष प्रगती.