शिक्का तुमचा, कपाळ आमचं

सोलापूरचे १९३० सालचे कलेक्टर मिस्टर नाइट यांस,

साहेब, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही. तरी ते तुमच्याच नावानं लिहितोय, कारण गुन्हा कुणाच्या नावावर चढवायचा हे एकदा ठरलं पाहिजे. नव्वदहून जास्त वर्षं झाली, तुमच्या सरकारच्या दप्तरात तो आमच्या गावाच्या नावावर आहे. मे १९३० म्हणजे ‘सोलापूरची दंगल’. गिरणीकामगारांचं माथेफिरू गाव, हाताबाहेर गेलेलं, लष्कराशिवाय ताळ्यावर न येणारं. असं नाव तुम्ही ठेवलंत आणि निघून गेलात. नाव मात्र इथंच राहिलं.

आमच्या गावाला लष्कर नवं नव्हतं. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोनं इथला भुईकोट किल्ला घेतला, तेव्हापासून फौजेचा तळ आमच्या अंगवळणी पडलेला. कॅम्प, सदर बझार, लष्कर ही नावं आजही आमच्या पत्त्यांत आहेत. फौज कशी राहते, कशी चालते, बाजारात कसा भाव पाडून मागते, हे इथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं होतं. त्यामुळे बंदूक पाहून भेदरणारं हे गाव नव्हतं. तुमचा हिशेब पहिल्यांदा चुकला तो इथं.

आता ८ मेकडे येऊ. गांधीजींना पकडून तीन-चार दिवस झाले होते. सगळा देश पेटला होता, सोलापूर त्याला अपवाद नव्हतं. महिनाभरापूर्वी, ६ एप्रिलला, आमच्या नगरपालिकेनं आपल्या इमारतीवर तिरंगा चढवला होता, तो तुमच्या डोळ्यांत सलत होताच. रूपाभवानीच्या बाजूला लोक शिंदीची झाडं तोडायला गेले. ताडी-शिंदीचं उत्पन्न सरकारी तिजोरीत जायचं, म्हणून त्या झाडांवर कुऱ्हाड. तुम्ही पोलीस घेऊन तिथं गेलात. धरपकड झाली, जमाव वाढला, धरलेल्यांना सोडा अशी मागणी झाली, आणि गोळ्या सुटल्या. शंकर शिवदारे हा तरुण तिथंच पडला.

त्यानंतर जे झालं तेही मी लपवत नाही. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, पोलीस मारले गेले, कोर्टाच्या इमारतीला आग लागली. मेलेले पोलीसही कुणाच्या तरी घरचे होते. पण आधी काय झालं आणि नंतर काय झालं, हा क्रम तुम्ही उलटा लिहून ठेवलात. तुमच्या कागदात आधी जमाव येतो आणि मग गोळी. सोलापूरच्या आठवणीत आधी गोळी आहे.

मल्लप्पा धनशेट्टी हे नाव तुम्ही विसरला नसाल. त्या दिवशी खवळलेल्या जमावाला त्यांनीच आवरलं आणि त्यामुळे तुम्ही सुखरूप परत गेलात, असं सोलापुरात आजही घरोघरी सांगतात. त्याच धनशेट्टींना तुमच्या सरकारनं फासावर चढवलं. त्यांच्याबरोबर ‘गझनफर’ हे वृत्तपत्र चालवणारा कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. पोलिसांच्या खुनाबद्दल कुणाला तरी शिक्षा द्यायचीच होती, तर तुम्ही गावातले पुढारी आणि चळवळीतले धडपडे तरुण निवडलेत. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. त्याच तुरुंगात तेव्हा गांधीजी होते आणि पुढच्या चौदा दिवसांत ते सुटले. मार्चमध्ये आयर्विनसाहेबांनी त्यांच्याशी करार केला. दोन महिने थांबला असतात, तर काय बिघडलं असतं?

पण या पत्राचा खरा मुद्दा मधल्या दिवसांचा आहे, ज्यांबद्दल तुम्ही सगळ्यात कमी बोललात. ८ मेनंतर तुम्ही शहरातले पोलीस काढून घेतलेत. १२ मेला लष्करी कायदा लागू होईपर्यंत सोलापुरात तुमचं राज्य नव्हतं. तुमच्या हिशेबानं या गुंडांच्या गावात त्या दिवसांत लुटालूट व्हायला हवी होती, पेठेतली दुकानं फुटायला हवी होती. झालं काय? काँग्रेसचे स्वयंसेवक चौकात उभे राहून वाहनांना वाट दाखवू लागले. गिरणीत दहा-दहा तास राबणारी, मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी हजारो माणसं एका शहरात, डोक्यावर पोलीस नाही, आणि ते शहर आपलं आपण चाललं. तुम्हाला दंगलीपेक्षा हे जास्त झोंबलं असं माझं मत आहे. दंगल मोडता येते. तुमच्यावाचून अडत नाही असं दाखवणारं गाव मोडायला मात्र फौज लागते.

आणि फौज आलीच. १२ मे ते ३० जून सोलापूर मार्शल लॉखाली होतं. व्हाइसरॉय आयर्विननी त्यासाठी वेगळा वटहुकूम काढला. डोक्यावर गांधी टोपी दिसली की पकड, हातात झेंडा दिसला की शिक्षा. एका शहराला सरळ करायला आणलेले साम्राज्याचे सैनिक आणि पांढऱ्या कापडाच्या टोप्या असा तो सामना होता. कापड विणणं हाच ज्या गावाचा धंदा, त्याच गावात टोपी गुन्हा झाली. कायदेभंगाच्या त्याच चळवळीत ऑगस्टमध्ये मार्शल लॉ लागलेलं दुसरं शहर पेशावर. तिथं एप्रिलमध्ये गढवाली पलटणीनं निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडायला नकार दिला होता. म्हणजे ज्या ज्या ठिकाणी तुमचा हुकूम चालेनासा झाला, त्या त्या गावाला तुम्ही वाईट ठरवलंत.

आता मुद्द्याचं. लष्कराच्या ताब्यात दिलेलं, सरकारी कागदात बदनाम झालेलं शहर पुन्हा चांगल्या नावानं उभं राहतं का? सोलापूरच्या बाबतीत उत्तर होय असं आहे, आणि त्यात तुमचा वाटा शून्य आहे. आमच्या चौकात चौघांचे पुतळे आहेत. पुण्याला जाणाऱ्या गाडीचं नाव हुतात्मा एक्सप्रेस आहे, नाटकं लागतात ते हुतात्मा स्मृती मंदिरात. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याची लगबग सुरू असते, नंदीध्वजांची तयारी चाललेली असते, आणि त्याच दिवसांत चौघांना हार घातले जातात. तुमच्या दप्तरातली ओळ पुसायला आम्हाला कुणाचा माफीनामा लागला नाही. आम्ही आमची बाजू पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहिलो, एवढंच.

तेवढ्यावर पत्र संपवलं असतं, तर तुमच्याइतकीच अर्धी गोष्ट मीही सांगितली असती. तुम्ही इथं आलात तेव्हा गावाच्या कडेला सेटलमेंट उभी होती. ती तुम्ही उभारली नाहीत, तुमच्या आधीच्यांची करणी. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. त्यातल्या कैकाडी, पारधी, टकारी, भामटा, कंजारभाट अशा कुटुंबांना इथं आणून तारेच्या कुंपणात बसवलं. सकाळी हजेरी, संध्याकाळी हजेरी, बाहेर जायचं तर पास, आणि दिवसभर गिरणीत काम. गिरणीला स्वस्त हात हवे होते आणि सरकारला ते डोळ्यांसमोर हवे होते, दोघांची सोय झाली. मूल रांगायला लागलं की त्याला कुंपण ठाऊक व्हायचं, शाळेची पाटी नंतर. ज्या शहरावर तुम्ही दीड महिना मार्शल लॉ लावलात, त्याच शहराच्या एका कोपऱ्यावर तो वर्षानुवर्षं लागलेला होता, आणि त्याबद्दल एकाही व्हाइसरॉयला वटहुकूम काढावा लागला नाही.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, तारा उतरल्या. मग १९५९ साली मुंबई राज्यात सवयीच्या गुन्हेगारांसाठी नवा कायदा आला, आणि पोलिसांची नजर तिथंच खिळून राहिली. आमच्या सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके ज्याचे अध्यक्ष होते, त्या राष्ट्रीय आयोगानं २००८ साली अहवाल दिला. घर, जातीचा दाखला, शाळा यांत हे लोक किती मागे ठेवले गेले ते त्यात मांडलं. आजही कुठल्या चोरीचा तपास सुरू झाला की पहिली गाडी कुठं वळते ते आम्हाला सांगायला नको. नोकरीच्या अर्जावर सेटलमेंटचा पत्ता पाहिला की समोरचा माणूस पेन खाली ठेवतो. खोली बघायला आलेल्या पोराला घरमालक आडनाव विचारतो, मग राहायला कुठं ते विचारतो, मग ‘कळवतो’ म्हणतो. तो कधीच कळवत नाही.

नाइटसाहेब, यात तुमचा थेट हात नाही, पण तुमची पद्धत आहे. आधी वस्ती ठरवायची, मग त्या वस्तीतला माणूस. तुम्ही तेच आमच्या अख्ख्या गावाशी केलंत. तुमच्या गोळ्या खाऊन, फाशी सोसून आम्ही गावाचं नाव धुऊन घेतलं. आणि तुमची वही मात्र फेकून दिली नाही. त्यात आता आम्ही आमच्याच शेजाऱ्यांची नावं लिहितो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय तुम्ही विलायतेहून आणला नव्हता, पण त्याला सरकारी कागद तुम्ही दिलात.

सोलापूरच्या बाहेर गेलेल्या पोरांनाही हे भोगावं लागतं. पुण्याच्या वसतिगृहात ‘सोलापूर’ म्हटलं की कुणी बंद पडलेल्या गिरण्यांवर बोलतं, कुणी चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर. त्यांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवत नाहीत. सोलापुरात जन्मलेला हा माणूस १९३८ साली चीनमध्ये गेला, तिथल्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमी सैनिकांवर उपचार करत राहिला आणि १९४२ साली तिथंच वारला. एक सोलापूरकर परक्या देशाच्या फौजेत गेला तो जखमा शिवायला. ही ओळ तुमच्या दप्तरात जाणार नव्हती, ती आम्हीच लिहायची होती. लिहिलीही. पण मोठ्यानं सांगायला कमी पडलो.

म्हणून पत्राचा शेवट तुमच्यासाठी नाही, माझ्या गावासाठी आहे. सोलापूरकरहो, १२ जानेवारीला चौघांना हार घालता, घालत राहा. पण ३१ ऑगस्टलाही रस्त्यावर या. सेटलमेंटच्या ज्या म्हाताऱ्यांनी हजेरी पाहिली, त्यांचं बोलणं लिहून घ्या. ती माणसं फार राहिली नाहीत. शाळेत मार्शल लॉ शिकवताना तारेचं कुंपणही शिकवा. महापालिकेनं चौघांच्या पुतळ्यांच्या चौकात एक पाटी लावावी आणि त्यावर सेटलमेंटचा इतिहास लिहावा. आणि घरमालक असाल, कारखानदार असाल, ठाण्यात असाल, तर पुढच्या वेळी पत्ता वाचून पेन खाली ठेवू नका. खोली द्या, काम द्या, आणि तपास करायचा असेल तर पुराव्यावर करा.

आपला,
एक सोलापूरकर