आठ भयं आणि एक काळी-पिवळी

फुलंब्रीत कुणाला ‘लेणी बघायला निघालोय’ म्हणून सांगावं, तर तो आपल्याला दंडाला धरून रस्त्याच्या पलीकडे उभा करतो. लेणी म्हणजे अजिंठा, आणि अजिंठ्याची गाडी सिल्लोडच्या बाजूला लागते, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक. जगभरचे पाहुणे आमच्या गावावरून अजिंठ्याला जातात आणि त्यांच्या कमरेला फुलंब्री लक्षात राहते ती गतिरोधकांमुळे. पण खुद्द संभाजीनगरात, बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात, सहाव्या-सातव्या शतकातली बुद्ध लेणी आहेत म्हटलं की शेजारचे अण्णा विचारतात, “तिथं काय ठिवलंय?”

“शांतता.”

“शांततेसाठी खेड्यातून शहरात चाललेला माणूस आजच बघितला!”

अण्णांना काय सांगावं? गावाची नगरपंचायत झाली, पण लग्नसराईतल्या डीजेचा आवाज थेट महापालिकेच्या दर्जाचा आहे.

तर काळी-पिवळी. ही जीप भरली की निघते, आणि ‘भरली’ हे ठरवण्याचा अधिकार फक्त ड्रायव्हरचा. माझ्या एका मांडीवर कुणाची तरी मेथीची जुडी, दुसऱ्या मांडीवर कुणाचं तरी पोरगं. “मामा, सरका थोडं,” असं ड्रायव्हर म्हणाला तेव्हा सरकायला माझ्याकडे फक्त श्वास उरला होता; तो आत घेतला. चौक्याच्या घाटात पुढं उसाची ट्रॉली होती. तिचा मागचा भाग डावीकडे झुकला की आमची अख्खी जीप मनातल्या मनात उजवीकडे झुकायची. फोनवर सोयाबीनच्या भावाची भांडणं चालू होती. हर्सूलचा तलाव गेला, हर्सूलचं जेल आलं, आणि मेथीवाल्या मावशींनी जेलकडे बघून हात जोडले. का, ते विचारण्याइतकी हवा माझ्या छातीत नव्हती.

शहरातून मकबऱ्यापर्यंतचा रिक्षाप्रवास सोडून देतो. त्याच्यावर लिहायला वेगळी छाती लागते.

आता सातव्या क्रमांकाचं लेणं. व्हरांड्याच्या भिंतीवर अवलोकितेश्वर उभा आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लहान लहान चौकटींत आठ भयं कोरलेली आहेत: आग, तलवार घेऊन आलेला लुटारू, बेड्या, बुडणारं जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती आणि मृत्यू. प्रत्येक चौकटीत गांगरलेली, हात जोडलेली माणसं. मी ते बघत राहिलो आणि लगेच ओळखीची भयं सापडू लागली. बेड्या म्हणजे हर्सूल. पिसाळलेला हत्ती म्हणजे ती उसाची ट्रॉली, यात शंकाच नाही. लुटारू रिक्षाचं मीटर न टाकता बसला होता. आग तर मे महिन्यात या शहरात फुकट मिळते. जहाज तेवढं राहिलं, पण पावसाळ्यात तेही जमेल.

मग डोक्यात प्रकाश पडला. हे शिल्प निवांत बसलेल्या माणसासाठी नाहीच. व्यापाराच्या वाटांवरून बैल हाकत, समुद्रातून माल आणत, जीव मुठीत धरून चाललेल्यांसाठी ते आहे. संकटात ज्यानं हाक मारली त्याच्याकडे धावून जाणारा हा बोधिसत्त्व. म्हणजे ही जागा मुळात आरडाओरडा करणाऱ्यांचीच! आत गाभाऱ्यात तर एक नर्तिका कोरली आहे आणि तिच्या भोवती वाद्यं वाजवणाऱ्या सहा स्त्रिया. चौदाशे वर्षांपूर्वीही इथं कुणी ‘शांतता राखा’ची पाटी लावली नसावी.

तिसऱ्या लेण्यात मात्र मी गप्प झालो. गाभाऱ्यात बुद्धासमोर दोन्ही बाजूंना उपासकांचे दोन गट गुडघे टेकून बसलेत, जवळजवळ माणसाएवढे. मोबाइलच्या उजेडात एकेकाचा चेहरा बघितला. प्रत्येकाचा केशसंभार निराळा, नाकडोळे निराळे. कुणीतरी ओळखीतलीच माणसं समोर बसवून कोरावीत तसे. इतकी शतकं गुडघ्यांवर आणि एकाच्याही चेहऱ्यावर तक्रार नाही. बरोबर आलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी ते पाहून स्वतःचे गुडघे चोळले आणि “ह्यांना वात नव्हता का?” एवढंच विचारलं.

बाहेर पायऱ्यांवर स्पर्धा परीक्षेची दोन पोरं एकमेकांना कलमं विचारत होती, आणि फिरायला आलेले एक गृहस्थ फोनवर मोठ्यानं प्लॉटचा दर पाडत होते. सकाळी भेटले असते तर त्यांचा राग आला असता. आता वाटलं, बरोबर जागी आलेत. नवव्या भयाची चौकट कोरायची राहिली होती.

जाणार असाल तर उन्हाच्या आधी जा, पाणी आणि बॅटरी बरोबर ठेवा, आणि अजिंठा पाहिलाय म्हणून हे टाळू नका. फक्त दसऱ्याला गेलात तर शांतता मागू नका. त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी लेण्यांच्या पायथ्याशी प्रचंड गर्दी लोटते, आणि ती जागा त्या गर्दीचीच आहे.