सत्तर गुणिले सात

भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा का, असं पेत्रानं विचारलं. येशू म्हणाला, साताच्या सत्तर पट. म्हणजे मोजणंच सोड. पण आम्ही वसईकर हिशेबाला पक्के. 490 हा आकडा लगेच वहीत टिपला.

शेजाऱ्यानं वाडीचा बांध वीतभर सरकवला, क्षमा. त्याची कोंबडी आमच्या अळवात शिरली, क्षमा. रविवारी मिस्साच्या वेळी शांतिचिन्ह देताना त्याला वाकून नमस्कार केला, तीही एक क्षमा धरली. उपवासकाळात तर मटणाबरोबर भांडणही सोडलं. चाळीस दिवस नुसती नोंद ठेवली.

परवा बेरीज केली: 487. तीन उरल्यात. वकिलाची वेळ घेऊन ठेवली आहे, ईस्टरनंतरची.