मधलं नाव (लग्नापर्यंत वैध)

आमच्या घरात अकरा दिवसांपूर्वी मुलगी झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिचं नाव ‘जुई’ ठेवायचं ठरलं. आमच्या घराण्यात हा विक्रम आहे. हॉलच्या पडद्यांचा रंग ठरवायला आम्हाला दोन दिवाळ्या लागल्या होत्या. पण जुईला कुणाचीच हरकत नव्हती. अक्षरं दोन, जोडाक्षर एकही नाही, आणि शाळेत कुणी मोडतोड करू म्हटलं तरी मोडण्यासारखं त्यात काही नाही. शिवाय हल्लीच्या दोन अक्षरी नावांचा अर्थ विचारला की आईबाप आधी मोबाइल काढतात. जुईचा अर्थ जुई. विषय संपला.

मी आत्या. म्हणजे नाव ठेवण्याचा मान माझा. मत देण्याचा नाही. झबलं-टोपडं आणायचं, बाळाच्या कानात कुर्र करायचं आणि त्याबद्दल पाठीत धपाटे खायचे, एवढंच माझं खातं. त्यामुळे मी निवांत चहा पीत होते. तेवढ्यात वहिनी म्हणाली, “आणि मधलं नाव काय ठेवायचं?”

बैठकीत अशी शांतता पसरली की स्वयंपाकघरातला फ्रीज ऐकू येऊ लागला.

दोष वहिनीचा नव्हता. तिची बहीण न्यू जर्सीत असते. तिकडे म्हणे मधलं नाव आईवडील हौसेनं निवडतात. पहिलं नाव आयव्ही किंवा फर्न असं पानाएवढं ठेवलं, की पुढे आजीच्या आठवणीचं एलिझाबेथ किंवा चालीला बरं म्हणून रोझ जोडायचं. मग दोघं स्वयंपाकघरात उभं राहून ते नाव मोठ्यानं म्हणून बघतात: कानाला गोड लागतं का, ठेका बसतो का. आपल्याकडे पूर्ण नाव मोठ्यानं उच्चारायची वेळ एकदम दहावीच्या निकालालाच येते.

काकांनी चष्मा काढला. “हे बघ, मधलं नाव निवडायचं नसतं. ते घराण्यातल्या मधुमेहासारखं वडिलांकडून आपोआप येतं.”

वडील, म्हणजे माझा भाऊ, चंद्रशेखर. वहिनीनं न्यू जर्सीच्या पद्धतीनं म्हणून पाहिलं, “जुई चंद्रशेखर.” मोपेडला मालगाडी जोडावी तसं ते ऐकू आलं. भावानं अपमान झाल्यासारखं पाहिलं, पण त्याच्या ओठांवर तेच नाव दोनदा येऊन गेलेलं मी पाहिलं.

मग सगळेच सरसावले. जुई निशिगंधा? “मुलगी आहे की हार?” बाबा म्हणाले. जुई बकुळ? “त्यापुढे आपलं आडनाव लाव, मंडईतल्या गाळ्याची पाटी होते.” जुई रमा? यावर शेजारच्या काकू, ज्या विरजण मागायला आल्या होत्या आणि तासाभरानंतरही होत्या, म्हणाल्या, “बाई हजेरी घेतील तेव्हा दोघी उभ्या राहतील.” शेवटी भावानं व्यवहाराचा मुद्दा काढला. आपल्या पासपोर्टात आडनाव आणि दिलेलं नाव असे दोनच रकाने. वडिलांचं नाव लावायचं तर ते दिलेल्या नावाच्या पोटात जातं, आणि विमानाच्या तिकिटावर मधली जागाही उडते: जुईचंद्रशेखर. जमिनीवर बाप एक वेळ सुटेल, हवेत नाही.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. घरात याचा उपयोग आजवर कढीपत्त्याला कीड लागली की तेवढाच झालेला. पण फुलाचं नाव आणि त्यामागे पुरुषाचं नाव हा विषय माझ्या अभ्यासक्रमातला आहे, हे मला चहाच्या दुसऱ्या कपाला लक्षात आलं.

जुईचं शास्त्रीय नाव जास्मिनम ऑरिक्युलेटम वाहल. जास्मिनम हे घराणं. जाई, मोगरा, कुंद सगळी त्याच वाड्यातली. ऑरिक्युलेटम म्हणजे कानवाली, कारण तिच्या पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारख्या दोन इवल्या पर्णिका असतात. आणि वाहल म्हणजे कोपनहेगनचे मार्टिन वाहल. त्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तिची शास्त्रात नोंद केली, म्हणून कागदोपत्री त्यांचं नाव तिच्या मागे कायमचं लागलं. जुईनं अर्ज केला नव्हता.

“बघ!” काका खूश झाले. “निसर्गाचाच नियम.”

“मोगऱ्याचं ऐका,” मी म्हटलं. कार्ल लिनियसनं 1753 साली मोगऱ्याला पारिजातकाच्या घरात दिला होता: निक्टँथिस सांबॅक. पुढे 1789 मध्ये विल्यम एटन यांनी त्याला जास्मिनमच्या घरात आणला. घर बदललं, तेव्हा कागदावर झालं ते असं: जास्मिनम सांबॅक (एल.) एटन. नव्या माणसाचं नाव शेवटी लागलं, पण पहिल्याला कंसात का होईना जागा राहिली. आणि मुख्य म्हणजे ‘सांबॅक’ हे मोगऱ्याचं स्वतःचं नाव जागेवरून हललं नाही. नवीन घरी गेलास म्हणून आजपासून तुला पद्माकर म्हणू, असं त्याला कुणी म्हणालं नाही.

आपल्याकडे म्हणतात. ताटात तांदूळ पसरतात, नवरा मुलगा अंगठीनं त्यात नवीन नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि वीस-पंचवीस वर्षं वापरलेलं नाव त्या तांदळांबरोबर डब्यात जातं. आपल्या पहिल्या डॉक्टर बाई घ्या. त्या जन्मल्या यमुना. लग्नात झाल्या आनंदी. नवरा गोपाळराव. पुढे 1886 साली अमेरिकेतून वैद्यकीची पदवी घेतली, आणि श्री. ज. जोशींनी त्यांच्यावर कादंबरी लिहिली ती ‘आनंदी गोपाळ’. शीर्षकात शब्द दोन, आणि दोन्ही लग्नात मिळालेले. यमुनेला कंससुद्धा नाही.

“ते जुन्या काळी,” बाबा म्हणाले.

“बाबा, आईचं माहेरचं नाव काय हो?”

बाबांनी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, आणि बावन्न वर्षांच्या संसाराचा आधार घेत म्हणाले, “रेशन कार्डावर बघ की.”

रेशन कार्डावर कसं असेल? आतून आईच्या हातातलं लाटणं थांबल्याचा आवाज आला. थांबण्याचाही आवाज असतो. तो बाबांनाही ऐकू आला असावा, कारण ते एकदम पेपर वाचू लागले. पेपर कालचा होता.

आता बाजी सरकारकडे गेली. भावानं विजयी मुद्रेनं मोबाइल पुढे केला. महाराष्ट्र सरकारनं 2024 च्या मार्चमध्येच निर्णय घेतला आहे: 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव. म्हणजे ‘जुई मेघना चंद्रशेखर’ आणि पुढे आम्ही सगळे. प्रश्न सुटला! मोपेड, मालगाडी आणि मध्ये गार्डाचा डबा.

वहिनीचे डोळे भरून आले. नऊ महिने पोटात वाढवलेल्या पोरीच्या नावात तिला अखेर हक्काची जागा मिळाली होती. काकांनी इतिहासही पुरवला: यात नवीन काय? आमच्या नाशिकच्या लेण्यांत सातवाहन राजा स्वतःला गौतमीपुत्र सातकर्णी म्हणवतो. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे आई आधी होती. खरं आहे. फक्त गौतमी हे त्या माउलीच्या माहेरच्या गोत्राचं नाव, तिचं स्वतःचं नाव बलश्री. आईचा पदर उचलून पाहिलं तर खाली आजोबा बसलेले.

“पुढचं वाच,” मी भावाला म्हटलं. नियम नेहमी पुढच्या परिच्छेदात राहतात. पुढे लिहिलं होतं की विवाहित स्त्रियांच्या बाबतीत सध्याचीच पद्धत चालू राहील: तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव.

म्हणजे हिशेब असा. मुलगा असता तर मेघनाला त्याच्या नावात जन्मभराची जागा. मुलगी आहे, तर लग्नापर्यंतचा भाडेकरार. त्यानंतर जागा रिकामी करायची. चंद्रशेखरनंही करायची, एवढीच समता. लग्नाआधीचं नाव ठेवायला कायद्याची बंदी नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण बँकेत ते ठेवून पाहा. काचेपलीकडचा माणूस विचारतो, “मॅडम, मिस्टरांशी काही प्रॉब्लेम आहे का?” मला विचारलं होतं. मिस्टर शेजारीच उभे होते.

काकांनी समारोप केला. “अजून वीस-पंचवीस वर्षं आहेत. तोपर्यंत राहू दे मेघना.” सुनेला मुदतवाढ मिळाली. पोहे आले.

आज बारसं झालं. पाळण्याला फुलांच्या माळा होत्या. जुई महाग म्हणून त्या मोगऱ्याच्या, म्हणजे सांबॅकच्या. बाळ पाळण्याच्या वरून आणि खालून फिरलं. मी वाकले. जुईला कान असतात हे शास्त्रानंच लिहून ठेवलं आहे, तेव्हा कानातच सांगायला हवं होतं. पाठीवर धपाटे सुरू झाले. काकूंचा हात जड आहे. विरजण अजून परत आलेलं नाही. मी “कुर्र” केलं, “जुई” म्हटलं. रीतीप्रमाणे इथं थांबायचं असतं.

मी आणखी दोन धपाटे सोसले आणि तिला हळूच सांगितलं, “बाळ, पुढे कधी कुणी ताटात तांदूळ पसरले, तर सरळ धुऊन कुकर लाव.”