टोलमाफी कारवाल्यांना, धूर जासईला

धोरणकर्ते साहेब,

विजेच्या गाड्यांचे राज्याचे धोरण तुमच्या टेबलावर ठरले, म्हणून हे पत्र तुम्हालाच. चारचौघांनी वाचावे म्हणून उघड लिहिले आहे.

अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ला झाले. शिवडीहून निघालेली गाडी चिर्ल्याला उतरते, म्हणजे आमच्या जासई गावाच्या उशाशी. या पुलावर दुचाकीला बंदी, रिक्षालाही बंदी. ऑगस्ट २०२५मध्ये तुम्ही तिथला टोल विजेच्या कार आणि बसना माफ केला, मालवाहू गाड्या मात्र वगळल्या. आमची पोरं कामावर जातात ती स्कूटरवर आणि घरं चालतात ती ट्रेलरवर. विजेची कार ज्याला परवडते, त्याचे अडीचशे रुपये वाचवायला तिजोरी उघडलीत. धोरण आखताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण होते ते यातून कळले, साहेब.

आमच्या शेजारच्या न्हावा-शेवा बंदराचे काम बघा. सप्टेंबर २०२५मध्ये तिथे बॅटरी बदलता येणारे ५० अवजड विजेचे ट्रक आले. बंदरातल्या सुमारे ६०० ट्रकांपैकी ९० टक्के डिसेंबर २०२६पर्यंत विजेवर नेण्याचे जाहीर झाले आहे. चांगलेच आहे. पण हे ट्रक बंदराच्या आतले. कुंपणाबाहेर कंटेनर ओढणारे ट्रेलर बहुतेक डिझेलचेच. गेटच्या रांगेत ते इंजिन चालू ठेवून उभे राहतात आणि तो धूर रस्त्याकडेच्या घरांत शिरतो. म्हातारी माणसं, शाळकरी पोरं तोच श्वास घेतात. त्यांची फुप्फुसं काय बंदराच्या हिशेबात धरलेली नाहीत?

महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंग देऊ, असे तुमचे धोरण म्हणते. अहो, इथल्या कंटेनर यार्डातून बंदरापर्यंतची खेप तेवढी लांबसुद्धा नसते! ठरलेला रस्ता, जवळचा पल्ला, तासन्‌तास उभे राहणे. विजेच्या ट्रेलरला याहून सोयीची जागा कुठली? अडते ते किमतीवर. एकाच गाडीचा मालक, तोच चालक, आधीच्या कर्जाचा हप्ता अजून डोक्यावर. डिझेलच्या गाडीपेक्षा कितीतरी महाग गाडी त्याने कुठल्या बँकेच्या जोरावर घ्यायची? कंपन्यांचे ताफे विजेवर जातील आणि हा माणूस धंद्यातूनच उठेल.

जासई हे शेतकरी नेते दि. बा. पाटलांचे गाव आहे. जानेवारी १९८४च्या आंदोलनात इथल्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी गोळ्या झेलल्या, पाच जण हुतात्मा झाले. नवी मुंबई आणि बंदर याच माणसांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर उभे आहे. त्यांच्या वाट्याला निव्वळ धूर ठेवणे हा अन्याय आहे, आणि तो तुमच्या सहीने चालू आहे.

जासईच्या दास्तान फाट्याजवळ बॅटरी बदलण्याची सोय उभारा, ती एकाच गाडीच्या मालकालाही खुली ठेवा. त्याच्या कर्जाला सरकारची हमी द्या. आणि मालवाहू विजेच्या गाड्यांनाही टोल माफ करा.